लाइट जाऊन आली की स्मार्ट उपकरणे ‘ऑफलाइन’ का राहतात?

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात गेली दोन वर्षे एकच तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवत होती. लाइट गेली आणि थोड्या वेळाने परत आली, की घरातल्या १४ स्मार्ट उपकरणांपैकी सहा-सात, कधी नऊ उपकरणे ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसू लागत, आणि कितीही वाट पाहिली तरी आपणहून परत येत नसत. मोबाइलवर वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले असे, व्हिडिओ विनातक्रार चालत. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरचा स्मार्ट प्लग, फाटकावरचा कॅमेरा आणि गिझरचा प्लग मात्र मुके होऊन बसत. ज्यांच्याकडे नेमके असेच घडते त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लाइट न जाताही ज्यांची उपकरणे दिवसभर अधूनमधून तुटतात, त्यांचा दोष बहुधा वेगळा असतो. त्यांनी वायफायच्या चॅनेलविषयीचा पुढचा भाग आधी वाचावा.

या तक्रारीची खरी किंमत कळते ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि त्याची वेळही भरवशाची नसते, म्हणून हौदातून टाकीत पाणी चढवणारी मोटर अंथरुणातूनच चालू करता यावी, एवढ्यासाठी मी तो सारा खटाटोप केला होता. मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, तासभर लाइट गेली आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास नळाला पाणी आले. अप्पांनी दारावर थाप मारली, “पाणी आलंय की रे, मोटर का चालू होईना?” ॲपमध्ये प्लग करड्या रंगात गेलेला होता. बॅटरी घेऊन खाली गेलो, तर हौदाशेजारच्या पेटीत प्लगचा निळा दिवा अगदी शांतपणे, न लुकलुकता, तेवत होता. बटण दाबले, मोटर लगेच सुरू झाली, आणि मी परत येऊन झोपलो. या प्लगच्या माहितीपत्रकात लिहिले होते की दिवा लुकलुकत असेल तर वायफाय सापडत नाही आणि स्थिर असेल तर वायफाय जोडलेले आहे. म्हणजे दोषाचा अर्धा उलगडा त्या रात्रीच माझ्या डोळ्यांसमोर होता, पण तो मला पुढे कित्येक महिने उमगला नाही.

त्या काळात जे जे करून पाहिले त्याचा पाढा थोडक्यात देतो, कारण बहुतेक घरांत हाच क्रम असतो. प्रथम १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० एमबीपीएसचा घेतला. काहीही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. स्मार्ट प्लगला लागणारा वेग इतका नगण्य असतो की तो मोजण्याच्याही लायकीचा नाही, आणि घरगुती कॅमेऱ्याचे चांगले चित्र साधारण २ ते ४ एमबीपीएसमध्ये भागते. नंतर कंपनीचा मुलगा येऊन मोबाइलवर वेगाची चाचणी करून गेला. “साहेब, स्पीड तर बरोबर येतंय की ओ,” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. मग मी प्रत्येक प्लग रिसेट करून पुन्हा पेअर करू, म्हणजे ॲपशी नव्याने जोडू लागलो. ही सर्वांत फसवी पायरी आहे. पेअर केल्यावर उपकरण चालू लागते, त्यामुळे दोष उपकरणातच होता अशी आपली समजूत पक्की होते. पुढच्या वेळी लाइट गेली की तीच उपकरणे, किंवा भलतीच, पुन्हा ऑफलाइन जातात.

मुळात ‘ऑफलाइन’ या एका शब्दाखाली तीन वेगळे दोष दडलेले असतात आणि ते आधी सुटे केल्याशिवाय उपाय सापडत नाही. उपकरणाला वायफाय सापडतच नसेल, तर दोष लहरींचा किंवा पासवर्डच्या पद्धतीचा असतो. वायफाय जोडले गेले, पण नेटवर्कमधला पत्ता चुकीचा मिळाला, तर दोष पत्तेवाटपाचा असतो. पत्ताही बरोबर असेल आणि तरीही बाहेर काही जात नसेल, तर दोष फायबरच्या वाटेवर किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे असतो. आमच्या प्लगचा स्थिर दिवा पहिली शक्यता बाद करत होता. घरातले बाकीचे इंटरनेट चालू होते, त्यामुळे तिसरीही जवळजवळ बादच होती. राहिली दुसरी.

येथे मोबाइल आपल्याला कसा फसवतो ते सांगितले पाहिजे. वायफायवर इंटरनेट नाही असे लक्षात आले, की बरेच मोबाइल गाजावाजा न करता सिमच्या डेटावर जातात. घरातल्या कोणालाच काही बिघडल्याचे जाणवत नाही आणि आपण ‘मोबाइलवर तर नेट चालतेय’ असे छातीठोकपणे सांगत राहतो. म्हणून तपासणीचा पहिला नियम असा, की मोबाइल डेटा बंद करूनच पाहावे. मी लाइट जाऊन आल्यावर तसे केले तेव्हा माझ्याच मोबाइलवर ‘जोडलेले, पण इंटरनेट नाही’ अशी सूचना आली आणि दोन वर्षांत प्रथमच योग्य धागा हाती लागला.

त्याच वेळी वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडला. तिथे आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८.०.१०५ आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा, १९२.१६८.०.१ असा होता. शेजारी बसलेल्या मुलीच्या मोबाइलवर, त्याच नावाच्या वायफायवर, पत्ता १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१ होता, आणि तिचे इंटरनेट चालू होते. एकाच घरात, एकाच नावाच्या वायफायवर, दोन निराळ्या मालिकांतले पत्ते दिसले की समजावे, घरात पत्ते वाटणारे दोघे आहेत.

आमच्याकडे ते दोघे कोण होते हे सांगायला मला थोडा संकोच वाटतो, कारण चूक माझीच होती. फायबर ज्यात शिरते तो कंपनीचा डबा, म्हणजे ओएनटी, हा बहुतेकदा स्वतःच एक राउटर असतो. त्याचे वायफाय वरच्या मजल्यावर पोहोचत नव्हते म्हणून मी बाजारातून एक चांगला राउटर आणला आणि ओएनटीपासून आलेली केबल त्याच्या सारख्या रंगाच्या चार खाचांपैकी एकीत खोचली. या चार खाचा ‘लॅन’च्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या. ती वेगळ्या रंगाच्या, ‘वॅन’ (बाहेरचे नेटवर्क) किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या खाचेत खोचायला हवी होती. किंवा ‘लॅन’च्या खाचेत खोचायचीच असेल, तर राउटरचे पत्तेवाटप बंद करायला हवे होते. मी दोन्हींपैकी काहीच केले नाही. तरीही इंटरनेट चालू झाले, आणि ‘चालतेय ना’ म्हणून मी ती जोडणी तशीच राहू दिली.

आता लाइट गेल्यावर काय घडत होते ते पाहू. उपकरण वायफायला जोडले गेले की ते सगळ्या नेटवर्कला उद्देशून ‘मला कोणी पत्ता देता का’ असे विचारते. याला डीएचसीपी म्हणतात. जो वाटप करणारा आधी उत्तर देईल, त्याचा पत्ता उपकरण बहुधा स्वीकारते, आणि पत्त्याबरोबरच बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता, म्हणजे गेटवे, हेही त्याच्याकडूनच घेते. आमच्या राउटरच्या मागे इंटरनेटची केबल योग्य खाचेत नसल्यामुळे त्याने दाखवलेला दरवाजा भिंतीत उघडत होता. घड्याळ लावून पाहिले, तर लाइट आल्यावर माझा राउटर सुमारे ५० सेकंदांत जागा होत होता आणि ओएनटीला जवळजवळ तीन मिनिटे लागत होती. प्लग, बल्ब आणि कॅमेरे याच मधल्या दोन मिनिटांत उठून पत्ता मागत, आणि त्या वेळी उत्तर द्यायला जागा असे तो फक्त माझा राउटर. जी उपकरणे सावकाश उठत त्यांना कधी हा, कधी तो पत्ता मिळे. म्हणूनच बिघडलेल्या उपकरणांची संख्या दरवेळी बदलत असे, आणि म्हणूनच दोष उपकरणांचा असल्याचा भास होई.

वाट पाहून हा दोष दूर का होत नव्हता, याचेही कारण यातच आहे. मिळालेला पत्ता ठरावीक मुदतीचा असतो, पण मुदतीचा निम्मा काळ उलटला की उपकरण ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच मुदतवाढ मागते, आणि तो ती आनंदाने देतो. प्लगमधले वेळापत्रकही याच सापळ्यात अडकते. आपल्याला वाटते की पहाटे सहाला गिझर चालू करण्याचा आदेश प्लगमध्येच साठवलेला आहे, तेव्हा त्याला इंटरनेट कशाला हवे? पण बहुतेक स्वस्त प्लगमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट आल्यावर ते वेळ इंटरनेटवरून विचारून घेतात, आणि इंटरनेट नसेल तर सहा कधी वाजले हे त्यांना कळतच नाही.

आपल्याकडेही हेच आहे का, हे ठरवण्याची एक सोपी चाचणी आहे. ओएनटी आणि राउटर यांच्यातली केबल राउटरच्या बाजूने काढावी, ती कोणत्या खाचेत होती ते लक्षात ठेवावे, आणि मोबाइलचे वायफाय बंद करून राउटरच्या वायफायला पुन्हा जोडावे. केबल ‘लॅन’च्या खाचेत होती आणि तरीही मोबाइलला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर तुमचा राउटर आपले वेगळे पत्तेवाटप करतो आहे आणि दोष सापडला. विंडोज लॅपटॉपवर पाहिले तर काही वेळाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, तो याच्या उलट स्थितीचा. त्याचा अर्थ पत्ता देणारा कोणीही भेटला नाही, म्हणजे राउटर गप्प आहे आणि ते बरोबरच आहे. केबल ‘वॅन’च्या खाचेत असेल, तर राउटरने पत्ते वाटणे हे त्याचे नेहमीचे कामच आहे, त्यामुळे ही चाचणी तिथे लागू होत नाही.

उपायाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात घरचा मालक तुमचा राउटर होतो: केबल ‘वॅन’च्या खाचेत जाते, ओएनटीचे वायफाय बंद केले जाते आणि शक्य असेल तर कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला जातो, म्हणजे तो केवळ फायबरचा प्रकाश केबलवर उतरवण्याचे काम करतो. ब्रिज मोड मिळाला नाही तरी ही रचना चालते, फक्त पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. स्मार्ट प्लगला त्याने काही बिघडत नाही, ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांना मात्र कधी कधी त्रास होतो. काही जण ब्रिज मोडसाठी हट्ट धरतात तो बाहेरगावाहून थेट घरच्या कॅमेऱ्यात शिरता यावे म्हणून. पण राउटरच्या ‘वॅन’ पानावर १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर तो कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला सामायिक पत्ता असतो आणि ब्रिज मोड घेऊनही ती इच्छा पूर्ण होत नाही.

दुसऱ्या मार्गात ओएनटी मालक राहतो आणि तुमचा राउटर केवळ वायफाय पसरवणारा ॲक्सेस पॉइंट होतो. मी हा मार्ग घेतला, कारण ओएनटीमधल्या जोडणीचे नाव-पासवर्ड माझ्याकडे नव्हते आणि त्यासाठी फोनवर फोन करत बसण्याची इच्छाही नव्हती. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल, तर तो निवडून राउटर पुन्हा सुरू केला की काम झाले. माझ्या राउटरमध्ये तो नव्हता, म्हणून हाताने करावे लागले, आणि तिथे क्रमाला महत्त्व आहे. प्रथम लॅपटॉप केबलने राउटरला जोडून, ओएनटीची केबल काढून ठेवून, राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा केला, ओएनटी १९२.१६८.१.१ वर होता, त्यामुळे राउटर त्याच मालिकेत पण वेगळ्या पत्त्यावर आला. सेव्ह केल्यावर तो पुन्हा सुरू झाला, नव्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत शिरलो आणि मगच डीएचसीपी बंद केले. हा क्रम उलटा केला, तर डीएचसीपी बंद होताच लॅपटॉपला पत्ता मिळेनासा होतो, राउटरच्या पानात शिरता येत नाही आणि शेवटी मागचे छिद्र टाचणीने दाबून सगळे पहिल्यापासून करावे लागते. मी ते एकदा केले आहे. शेवटी ओएनटीची केबल ‘लॅन’च्या खाचेत परत खोचली, आणि ओएनटीच्या पत्तेवाटपाची मर्यादा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० अशी ठेवली, म्हणजे राउटरचा २ क्रमांकाचा पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही.

राउटर बदलताना किंवा नव्याने लावताना वायफायचे नाव आणि पासवर्ड अक्षरशः पूर्वीचेच ठेवावेत, लहान-मोठी अक्षरेही तीच. स्मार्ट उपकरणे नाव आणि पासवर्ड एवढेच ओळखतात, राउटर कोणता आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, आणि त्यामुळे १४ उपकरणे पुन्हा पेअर करण्याची शिक्षा टळते. बदल झाल्यावर प्रत्येक उपकरण एकदा बंद करून चालू करणे मात्र आवश्यक आहे, कारण चुकीचा जुना पत्ता ते आपणहून सोडत नाही.

एवढ्यावर १२ उपकरणे ठीक झाली. फाटकावरचा कॅमेरा आणि हौदाशेजारचा प्लग अजूनही चार-पाच वेळांतून एकदा हरवत, आणि आता प्लगचा दिवा लुकलुकत असे. म्हणजे हा दोष वेगळा, वायफाय न सापडण्याचा होता.

बहुतेक स्वस्त स्मार्ट उपकरणांत असतात तशा चिप, उदाहरणार्थ ईएसपी८२६६, फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. २.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल, म्हणजे पट्ट्यातले क्रमांक दिलेले भाग, वापरता येतात, पण एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच धरली जातात: १, ६ आणि ११. राउटर ‘ऑटो’वर असला की सुरू होताना आजूबाजूला कोण आहे ते पाहून चॅनेल निवडतो. एरवी ही सोय चांगली. पण सगळ्या गल्लीची लाइट एकदम गेलेली असते आणि एकदमच येते, तेव्हा तो कान देऊन ऐकतो त्या क्षणी शेजारचे सगळे राउटर अजून झोपलेलेच असतात. त्याला सारे मैदान मोकळे दिसते, तो मनाला येईल ते चॅनेल घेतो, आणि पाच मिनिटांनी त्याच चॅनेलवर चार शेजारी येऊन बसतात. त्यातही तो कधी १२ किंवा १३ वर गेला, तर अमेरिकेच्या बाजारासाठीच्या फर्मवेअरवर, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरवर, चालणाऱ्या उपकरणाला ते चॅनेल दिसतच नाही, कारण तिथे सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच वापर होतो. आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचे हेच झाले होते. तो हरवला त्या दोन्ही वेळी राउटर १३ वर होता.

म्हणून २.४ चे चॅनेल हाताने ठरवून द्यावे. मोबाइलवर वायफाय पाहणारे एखादे मोफत ॲप घेऊन, शेजारची सगळी घरे जागी असताना, रात्री नऊच्या सुमारास, १, ६ आणि ११ पैकी कोणत्यावर गर्दी कमी आहे ते पाहावे आणि ते कायम करावे. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केल्याने कागदावर वेग वाढतो, पण त्या पट्ट्यात मुळातच जागा इतकी कमी आहे की निम्मी गल्ली त्यात येते. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए३’ इतकाच ठेवला असेल, तर जुनी उपकरणे पासवर्ड बरोबर असूनही जोडली जात नाहीत, त्यांच्यासाठी २.४ वर ‘डब्ल्यूपीए२’ ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारी ‘स्मार्ट कनेक्ट’सारखी सोय मी बंद केली. जुने नाव २.४ ला ठेवले आणि ५ ला नवे नाव दिले. टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल तेवढे नव्या नावावर हलवले. पेअर करतानाचे निम्मे रडगाणे यानेच संपते. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर उपकरणे टाकावीत असा सल्ला पुष्कळदा दिला जातो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो वाईट नाही, पण त्यानंतर मोबाइलवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही म्हणून घरातले तुम्हालाच बोल लावतील.

वेगाचा विषय निघाला आहे, तर भिंतींबद्दल सांगायला हवे. सोलापुरातल्या मंगळवार पेठ, साखर पेठ या भागांतल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती इतक्या जाड असतात की ५ गिगाहर्ट्झच्या लहरी एका भिंतीपलीकडे गेल्या तरी पुष्कळ म्हणायचे. तिथे आणखी महागडा राउटर घेण्यात अर्थ नसतो. केबल ओढून दुसऱ्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे हाच टिकाऊ उपाय आहे. केबल ओढल्यावर राउटरच्या पानावर त्या खाचेचा वेग १००० ऐवजी १०० दिसला, तर दोष बहुधा टोकाच्या क्लिपमध्ये असतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. त्या जास्तीच्या चारपैकी एक तार नीट बसली नाही तरी जोडणी चालू राहते आणि गुपचूप १०० वर उतरते. माझा ३०० एमबीपीएसचा प्लॅन वरच्या मजल्यावर कित्येक महिने ९४-९५ देत होता तो याचमुळे. क्लिप कापून नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी असा क्रम दोन्ही टोकांना लावला, आणि वेग त्याच दिवशी वर गेला. केबल घेताना ती पूर्ण तांब्याची आहे का हे विचारून घ्यावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त असते, पण टोकाशी लवकर तुटते. गच्चीवरून नेणार असाल तर ती पाइपातूनच न्यावी, कारण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा साध्या केबलचे आवरण दोन-तीन वर्षांत पापडासारखे तडकते. याच कारणासाठी राउटर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये.

आता लाइटबद्दल. ओएनटी आणि राउटर यांना प्रत्येकी छोटा डीसी यूपीएस लावला, की लाइट गेल्यावर ते बंदच होत नाहीत आणि वर वर्णिलेली शर्यतच उद्भवत नाही. हा यूपीएस घेताना दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचून घ्यावेत. १२ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्टच द्यायला हवेत, आणि अँपिअरचा आकडा अडॅप्टरवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असावा. घरात मोठा इन्व्हर्टर असला तरी याची गरज पडू शकते, कारण इन्व्हर्टरवर जाण्याच्या त्या पापणी लवण्याइतक्या खंडातही काही राउटर पुन्हा सुरू होतात. तरीही माझे मत असे आहे, की आधी पत्तेवाटप दुरुस्त करावे आणि मग यूपीएस लावावा. उलट केले, तर दोष बरा होत नाही, फक्त झाकला जातो, आणि यूपीएसची बॅटरी संपेल इतका वेळ लाइट गेली की नेमक्या त्या दिवशी तो पुन्हा डोके वर काढतो.

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या एका मित्राच्या घराखाली टॉवेलचे माग आहेत. मागांच्या मोटरींमुळे वायफाय बिघडते असे त्याचे ठाम मत होते. तिथे जाऊन बसलो, तेव्हा दिसले की लहरींचा काही संबंध नाही. माग एकदम सुरू होताना घरातला व्होल्टेज क्षणभर पडत होता, राउटरचा जुना अडॅप्टर ते सहन करू शकत नव्हता आणि राउटर पुन्हा सुरू होत होता. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ म्हणून तो किती वेळ चालू आहे ते लिहिलेले असते. त्याच्याकडे दुपारी तीन वाजता तो आकडा ११ मिनिटे होता. अडॅप्टर बदलला आणि यूपीएस लावला, मागांवरचा आळ गेला.

कंपनीच्या बाजूचा दोष ओळखणे तुलनेने सोपे आहे. ओएनटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश पोहोचत नाही आणि तुमच्या राउटरला हात लावण्यात अर्थ नाही. फायबर कुठे कपाटामागे दबली किंवा फार वाकली आहे का एवढे पाहून तक्रार नोंदवावी. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसत असेल, तर उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली गेलेला आकडा सीमेवरचा समजावा आणि तो तक्रारीत लिहावा.

मोटरवर स्मार्ट प्लग लावणाऱ्यांनी एक गोष्ट टाळू नये. १ एचपीच्या मोटरचा प्रवाह सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट वाढतो, आणि त्या झटक्याने साध्या प्लगमधले रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, टोक चिकटून बसू शकते. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसते आणि मोटर चालूच असते. वायरमनकडून कॉन्टॅक्टर बसवून घ्यावा, म्हणजे प्लग फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देतो आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर पेलतो. शिवाय बहुतेक प्लगच्या सेटिंगमध्ये लाइट परत आल्यावर काय करायचे, याचा पर्याय असतो. मोटर आणि गिझर यांच्यासाठी तो ‘बंद’ ठेवावा, नाहीतर घरात कोणी नसताना लाइट येते आणि कोरड्या हौदावर मोटर फिरत राहते.

सगळे झाल्यावर खरी परीक्षा मेन स्विचवर घ्यावी. आम्ही एका रविवारी सकाळी यूपीएस काढून ठेवले, मेन पाच मिनिटे बंद केला, चालू केला आणि मोबाइल डेटा बंद करून ॲप उघडून बसलो. पहिली दोन मिनिटे सगळीच उपकरणे करडी होती, कारण आता ओएनटी जागा होईपर्यंत पत्ता देणारे कोणीच नव्हते, आणि अप्पांनी मान हलवली. तिसऱ्या मिनिटाला बल्ब आले, मग प्लग, आणि पाचव्या मिनिटाला फाटकावरचा कॅमेरा. ही परीक्षा त्याच आठवड्यात आणखी दोनदा घेतली. तिन्ही वेळा चौदाच्या चौदा उपकरणे परत आली आणि सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ च्याच मालिकेत होते.